लष्करी तळाचं उद्यान होतं, तेव्हा जमिनीखाली नेमकं काय करावं लागतं?

भूगोलाची_वही

नमस्कार मंडळी,

मी निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल. गेले चार महिने लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला आले आहे. लेक-जावई कामाला गेले की मी बसने प्रेसिडिओ नावाच्या मोठ्या उद्यानात जाते आणि क्रिसी फील्डच्या खाजणाकाठी दोन तास बसते. भरतीला लाकडी पुलाखालून पाणी आत शिरतं आणि ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो. एक करडा बगळा तासन् तास एका जागी उभा असतो. पहिले काही दिवस माझी ठाम समजूत होती की हे खाजण इथलं मूळचंच आहे.

मग एके दिवशी जुना फोटो पाहिला. हीच जागा, मागे हेच डोंगर, आणि खाजणाच्या जागी सपाट विमानतळ! घरी येऊन वाचत बसले. १७७६ साली स्पॅनिश लोकांनी इथे लष्करी ठाणं बसवलं, पुढे ते मेक्सिकोकडे गेलं, मग अमेरिकन लष्कराकडे. १९९४ मध्ये लष्कर गेलं आणि जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आली. म्हणजे २१८ वर्षं इथे सैन्य होतं. जवळजवळ दीड हजार एकर जमीन. आधी खाजण बुजवलं, त्यावर १९२१ च्या सुमारास विमानं उतरू लागली, आणि २००१ मध्ये तिथेच खाजण पुन्हा खणून लोकांसाठी खुलं केलं.

हे सगळं मी सहा वर्षांच्या नातवाला सांगितलं. त्याने विचारलं, "आजी, मग इतकी वर्षं सैनिकांनी इथलं पाणी कुठे ठेवलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. सदतीस वर्षं शिकवल्यावरही देता आलं नाही, म्हणून इथे विचारते आहे. धावपट्टी उखडायची, झाडं लावायची, बाकडी ठेवायची, एवढ्यावर हे भागत नसणार. खालच्या मातीचं काय करतात? कुठली इमारत ठेवायची आणि कुठली पाडायची हे कशावरून ठरतं? आणि एवढा खर्च करतं कोण? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. मला वाचायला भरपूर वेळ आहे.

मृदगंधा

बाई, तुमच्या नातवाच्या प्रश्नाला खरंच उत्तर आहे आणि ते तुमच्या रोजच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शेवटी सांगते. आधी मातीचं.

मी तेवीस वर्षं दूषित माती आणि भूजल तपासण्याचं काम करते. त्यातली निम्मी वर्षं जुन्या लष्करी जागांवर गेली. पहिली गोष्ट, सोडून दिलेला तळ बाहेरून रिकामा वाटतो, पण आतून ते एक बंद पडलेलं गाव असतं. त्यात पेट्रोलपंप असतात, धोबीखाना, रंगकाम, इस्पितळ, गाड्यांचे कारखाने, कचऱ्याचे खड्डे, गोळीबाराचं मैदान, सगळं असतं. आणि बहुतेक गोष्टी अशा काळातल्या, जेव्हा वापरून झालेलं तेल जमिनीत ओतून देणं कुणालाच गैर वाटत नव्हतं.

तुम्ही भूगोलाच्या, म्हणून खालचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर लगेच येईल. टाकीतून गळलेलं पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते मातीतून झिरपत भूजलापर्यंत जातं आणि पाण्याच्या पातळीवर सायीसारखं पसरतं. पण विमानांचे सुटे भाग धुवायला जे द्रावक वापरायचे, ट्रायक्लोरोइथिलीन, ते पाण्यापेक्षा जड. ते भूजलातून खाली बुडतं, चिकणमातीच्या थरावर जाऊन बसतं आणि तिथून कित्येक दशकं थोडं थोडं पाण्यात विरघळत राहतं. पेट्रोल निदान मातीतले जिवाणू हळूहळू खातात, त्यांना हवा पुरवली की काम वेगाने होतं. द्रावकाचं तसं नाही. ते काढायला विहिरी खणून पाणी उपसायचं, गाळायचं, आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं.

शिसं आणखी वेगळं. ते जागचं हलत नाही. जुन्या लाकडी घरांना शिसंयुक्त रंग असायचा, दर काही वर्षांनी खरवडून नवा द्यायचे. त्यामुळे घराभोवतीच्या मातीत भिंतीलगत शिशाचा पट्टा सापडतो. गोळीबाराच्या मैदानात निशाण्यामागच्या मातीच्या बांधात गोळ्या रुतलेल्या असतात, तो बांध अक्षरशः चाळून काढावा लागतो. आग विझवण्याचा सराव जिथे चाले, तिथल्या फेसातली रसायनं तर निसर्गात जवळपास मोडतच नाहीत.

आता या सगळ्याचा उद्यानाशी संबंध कसा, ते एका अनुभवातून सांगते. जागेचं नाव सांगणार नाही. तिथे आराखडा आधी तयार झाला होता. सुंदर रंगीत चित्रं, लोकांची बैठक, मतदान, सगळं झालं. आग्नेय कोपऱ्यात मुलांचं खेळाचं मैदान दाखवलं होतं. लष्करी कागदांत त्या कोपऱ्यात फक्त "गोदाम" लिहिलेलं. आम्ही मातीचे नमुने काढायला नऊ ठिकाणी भोकं घेतली, माती स्वच्छ. मग एक म्हातारे गृहस्थ आले. ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी त्या तळावर मेकॅनिक होते. काठी टेकत टेकत गोदामाच्या मागे गेले आणि एका जागी काठी रोवून म्हणाले, "इथे. रोज संध्याकाळी बादली इथे रिकामी करायचो."

तिथे दहावं भोक घेतलं. मातीचा नमुना भरलेली नळी उभी चिरून उघडली. वरचे साडेतीन मीटर तपकिरी माती, अगदी साधी. त्याखाली रंग एकदम राखाडी-हिरवट झालेला, आणि एक गोडसर वास. असे नमुने हुंगायचे नसतात, त्यासाठी यंत्र असतं, पण नळी उघडल्यावर वास यायचा तो येतोच. यंत्राचा काटा तोवर वर गेलेला होता. ते गृहस्थ बाजूला उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हो." त्यांचा आवाज मी विसरले नाही.

खेळाचं मैदान हलवावं लागलं. लोक चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या चित्रावर त्यांनी मत दिलं होतं ते चित्र आम्ही बदललं. म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं असतं: उद्यानाचं चित्र काढण्याआधी जमिनीचा इतिहास काढा. जुने हवाई फोटो दहा-दहा वर्षांच्या अंतराचे मिळवा, त्यात एखादा खड्डा दिसतो आणि पुढच्या फोटोत बुजलेला दिसतो. तिथे काम केलेली माणसं हयात आहेत तोवर त्यांना जागेवर घेऊन या. कारण माती किती साफ करायची हे वर काय होणार यावर ठरतं. जिथे लहान मुलं मातीत हात घालणार तिथली मर्यादा सगळ्यात कडक. गवताळ माळ असेल, लोक फक्त पायवाटेने जाणार असतील, तर वर स्वच्छ मातीचा जाड थर देऊन आणि तिथे कधीच खणायचं नाही असं जमिनीच्या कागदावर कायमचं नोंदवून भागवतात. इथे वापर आणि सफाई एकमेकांना बांधलेली असतात.

विषाइतकीच दमछाक करणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जमीन दाबली गेलेली असते. धावपट्टीखालची माती इतकी घट्ट ठोकलेली असते की डांबर काढलं तरी पाणी मुरत नाही, मुळं हातभर खाली जाऊन आडवी वळतात. तिथे लावलेलं झाड चार-पाच वर्षं जगतं आणि मग वाळतं. आधी नांगराच्या मोठ्या फाळांनी खोलवर फोडावं लागतं, कंपोस्ट मिसळावं लागतं, आणि काँक्रीटच्या चुऱ्यामुळे माती चुनखडीसारखी झाली असेल तर झाडंही तशीच निवडावी लागतात.

तुमच्या क्रिसी फील्डवरून सुमारे ८७,००० टन घातक माल काढून न्यावा लागला, त्यानंतर खाजण खणलं. बगळा जिथे उभा असतो त्या चिखलाखाली एवढं काम आहे.

स्प्रेकाठ

मृदगंधाताई, फार उपयोगी लिहिलंत. मी बर्लिनमध्ये नॉयकोल्नला राहतो, टेंपलहोफच्या मैदानापासून सात मिनिटांवर. ते काटेकोर अर्थाने फक्त लष्करी तळ नव्हतं. प्रशियाच्या काळात कवायतीचं मैदान, मग विमानतळ, नाझी काळात एका कडेला कोलुंबियाहाउसची छळछावणी, १९४८-४९ मध्ये नाकेबंदीत अडकलेल्या शहराला विमानांनी पुरवठा झाला त्यातला बराचसा इथून, आणि १९९३ पर्यंत अमेरिकन हवाई दल. २००८ मध्ये उड्डाणं थांबली आणि मे २०१० मध्ये फाटक लोकांसाठी उघडलं.

बाईंनी इमारतींबद्दल विचारलंय. इथलं उत्तर वेगळंच आहे: जवळपास काहीच केलं नाही. धावपट्ट्या जशाच्या तशा. दोन्ही साधारण दोन किलोमीटर लांब, त्यावर लोक सायकली चालवतात, चाकांच्या फळीवर उभं राहून पतंगाच्या ओढीने पळतात. मधल्या गवतात चंडोल जमिनीवर घरटी करतात. विणीच्या दिवसांत तो भाग दोरी लावून बंद असतो. मी रोज सकाळी कामाआधी तिथून जातो. एप्रिलमध्ये चंडोल गात गात सरळ वर चढतो, ठिपका होईपर्यंत. शहराच्या मध्यात, तीनशे हेक्टर मोकळ्या आभाळाखाली!

२०१४ मध्ये कडेने घरं बांधायचा प्रस्ताव होता. आमच्याकडे घरांची टंचाई खरी आहे, माझ्याच मित्रांना भाड्याची जागा मिळत नव्हती, त्यामुळे हा प्रश्न सोपा नव्हता. मी मैदान मोकळं ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. ६४ टक्के लोकांनी तसंच दिलं आणि कायदा झाला. घरांचा मुद्दा दर काही वर्षांनी पुन्हा वर येतो. तरीही मी आज पुन्हा तेच मत देईन.

अजून एक जागा सांगतो, फ्रँकफर्टजवळचं बोनामेस. अमेरिकन लष्कराची छोटी धावपट्टी होती, १९९२ मध्ये ते गेले. तिथे काँक्रीट उचलून नेण्याऐवजी बरंचसं जागेवरच फोडलं, कुठे मोठे तुकडे, कुठे बारीक खडी, आणि नुसतं सोडून दिलं. मोठ्या तुकड्यांच्या फटींत पाणी साचलं, बेडूक आले. बारीक खडीत आधी गवत, मग झुडपं. तुकड्याच्या आकारानुसार वेगवेगळं रान उगवलंय. मी तिथे अर्धा दिवस काढला. एका फटीतून बर्चचं झाड वर आलेलं, त्याच्या बुंध्याला काँक्रीटची कड चिकटलेली. कुठलाही माळी ते लावू शकला नसता.

नारिंगी_परगणा

मी दक्षिण कॅलिफोर्नियात अर्व्हाईनला एकोणीस वर्षं आहे. इथल्या एल टोरो तळाची गोष्ट बाईंनी ऐकायला हवी, म्हणजे "वेळ का लागतो" ते कळेल.

मरीन दलाचा हवाई तळ, १९४३ पासून, सुमारे ४,७०० एकर. १९९९ मध्ये बंद झाला. काहींना तिथे मोठा नागरी विमानतळ हवा होता, २००२ मध्ये मतदान होऊन तो बारगळला आणि "ग्रेट पार्क" ठरलं. नौदलाने २००५ मध्ये जमीन लिलावात जवळपास ६५ कोटी डॉलरला एका बांधकाम कंपनीला विकली. कल्पना अशी की कंपनी घरं बांधेल, त्यातून उद्यानाला पैसा येईल. पुढच्याच वर्षी स्पर्धेतून आराखडा निवडला गेला. त्यात अडीच मैल लांबीची खोदलेली दरी होती, ओढा, सावली. मी त्याचं चित्र माझ्या टेबलासमोर लावलं होतं.

मग २००८ ची मंदी आली. घरं विकली जाईनात, आणि उद्यानाचा पैसा घरांवरच टेकलेला. पुढे राज्याने पुनर्विकासाची जुनी पद्धतच मोडीत काढली, तोही रस्ता बंद. ती दरी कधीच झाली नाही. वर्षानुवर्षं एक नारिंगी रंगाचा मोठा फुगा तेवढा होता, माणसांना वर नेऊन रिकामा तळ दाखवणारा. मुलीला घेऊन मी त्यात चढलो आहे. खाली मैलभर फुटलेलं काँक्रीट. तिने विचारलं, "बाग कुठे आहे?"

आता खेळाची मोठी मैदानं आहेत, लोक भरभरून येतात, आनंद आहे. मुलगी मात्र आता कॉलेजात आहे. ज्या मुलांसाठी ते उद्यान मागितलं होतं ती त्यात खेळायच्या वयाची राहिली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुठेही हे चाललं असेल तर माझी विनंती आहे की पहिल्या दोन वर्षांत एक तुकडा तरी, पाच एकर का असेना, पूर्ण करून लोकांना द्या.

आणि मृदगंधाताई म्हणतात ते द्रावक इथेही होतं. तळाच्या हद्दीबाहेर भूजलात सुमारे तीन मैल पसरलेलं.

पावसाची_सवय

थोडक्यात लिहितो, सिअ‍ॅटलहून. इथलं डिस्कव्हरी पार्क म्हणजे जुना फोर्ट लॉटन. ५३४ एकर, शहरातलं सगळ्यात मोठं उद्यान. लष्कराला जमीन जास्तीची झाली तेव्हा मार्च १९७० मध्ये मूलनिवासी लोकांनी बर्नी व्हाइटबेअर यांच्या पुढाकाराने कुंपण ओलांडून तिथे ठाण मांडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, लष्कराच्या आधी ही जमीन आमची होती. बरीच धरपकड झाली. अखेर वाटाघाटी होऊन २० एकर जागा दीर्घ मुदतीच्या कराराने मिळाली आणि तिथे त्यांचं सांस्कृतिक केंद्र उभं आहे.

बाई, तुम्ही २१८ वर्षं मोजलीत. क्रिसी फील्डच्या काठावर त्याच्याही आधीच्या ओलोनी लोकांच्या वस्तीचे, त्यांनी टाकलेल्या शिंपल्यांचे थर सापडले आहेत. नातवाला गोष्ट सांगाल तेव्हा ती तिथून सुरू करा, एवढंच.

भूगोलाची_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. शिंपल्यांबद्दल लिहिणाऱ्यांचे विशेष आभार, माझी गोष्ट चुकीच्या ठिकाणी सुरू होत होती.

एक शंका राहिली. प्रेसिडिओत लोक राहतात! अधिकाऱ्यांच्या जुन्या घरांपुढे मुलांच्या सायकली पडलेल्या असतात, आत दिवे असतात, मोठ्या कचेऱ्या आहेत. राष्ट्रीय उद्यानात हे कसं? मला थोडं खटकलं, खरं सांगते.

मृदगंधा

बाई, खटकणं स्वाभाविक आहे. पण त्या दिव्यांवरच उद्यान चालतं.

लष्कर गेलं तेव्हा मागे शेकडो इमारती राहिल्या, बऱ्याचशा ऐतिहासिक, म्हणून पाडता न येणाऱ्या. कौलं, पन्हळी, जुन्या विजेच्या तारा, सगळ्याची डागडुजी. एवढा खर्च कायमचा उचलायला अमेरिकेची संसद तयार नव्हती. म्हणून १९९६ मध्ये कायदा करून प्रेसिडिओ ट्रस्ट नावाची सरकारी संस्था नेमली आणि अट घातली: २०१३ पर्यंत स्वतःच्या पायावर उभं राहा, नाही तर ही जमीन विक्रीला जाईल. ट्रस्टने घरं आणि कचेऱ्या भाड्याने दिल्या. लष्कराच्या लेटरमन इस्पितळाच्या जागी २००५ मध्ये लुकासफिल्म या चित्रपट कंपनीचं संकुल आलं. मुदतीआधीच ट्रस्ट स्वावलंबी झाला. जमिनीच्या सफाईसाठी लष्कराने १९९९ च्या करारात सुमारे ९.९ कोटी डॉलर दिले, आणि क्रिसी फील्डच्या कामात देणगीदारांचा व हजारो स्वयंसेवकांचा मोठा हात होता.

ही व्यवस्था सगळीकडे चालेल असं मला वाटत नाही. एवढ्या महागड्या शहरात, समुद्राकाठी घरं भाड्याने जाणारच. पण त्यातली एक गोष्ट कुठेही घेण्यासारखी आहे: इमारत वाचवायची तर तिला काम द्यावं लागतं. कुलूप लावलेली बराक मी पाहिली आहे. पहिल्या पावसाळ्यात छत गळतं, तिसऱ्या वर्षी जमिनीच्या फळ्या फुगतात, आणि मग "धोकादायक" असा शिक्का मारून पाडतात.

आता नातवाचा प्रश्न. सैनिकांनी पाणी पाइपात ठेवलं होतं. प्रेसिडिओच्या आत टेनेसी हॉलो नावाचं खोरं आहे, त्यातला ओढा पूर्वी थेट खाजणात उतरायचा. खालचा भाग भराव टाकून बुजवला तेव्हा ओढ्याला जमिनीखालच्या पाइपात घातलं. २००१ मध्ये खाजण परत आलं, पण त्यात गोडं पाणी आणणारा ओढा तसाच कोंडलेला राहिला. डिसेंबर २०२० मध्ये तो पाइप सोडवून क्वार्टरमास्टर रीच नावाचा सात एकरांचा पाणथळ पट्टा खुला केला. मोठ्या रस्त्याच्या पुलाखाली आहे. तुमच्या बाकड्यावरून उठा, समुद्राकडे पाठ करा आणि आतल्या बाजूला चालायला लागा.

भूगोलाची_वही

आज शनिवार, नातवाला घेऊन गेले होते.

वरून गाड्यांचा आवाज येत होता, खाली ओढा. रुंदी फार नाही. त्याने काठावर बसून बोट बुडवलं आणि चाखलं, मी अडवेपर्यंत. म्हणाला, "थोडं खारट आहे." भरती होती. खाजणातलं पाणी रस्त्याखालून आत चढलं होतं आणि वरून ओढ्याचं येत होतं. मी त्याला एक वाळलेलं पान दिलं, पाण्यात टाकायला. ते समुद्राकडे जाईल असं मी सांगितलं होतं. पान आधी उलट, डोंगराच्या बाजूला सरकलं, मग एका जागी गोल फिरत राहिलं. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं बसून होतो. त्याला घरी जायचं नव्हतं, कारण पान कुठे जाणार ते अजून ठरलं नव्हतं.